महानगरातील साधी व शाश्वत राहणी

महानगरातील साधी व शाश्वत राहणी म्हणजे दाट लोकवस्तीच्या मोठ्या शहरात राहूनच गरजा मर्यादित ठेवण्याची, वस्तू दीर्घकाळ वापरण्याची आणि पाणी, ऊर्जा, जागा व अन्न यांचा उपभोग निसर्गाच्या पुनर्भरणक्षमतेच्या आत राखण्याची जीवनपद्धती होय. या लेखात तिचा विचार प्रामुख्याने मुंबई आणि पुणे या महाराष्ट्रातील दोन महानगरांच्या संदर्भात केला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, तर पुणे महानगरपालिका क्षेत्राची सुमारे ३१ लाख होती. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला लागणारे पाणी, अन्न व वीज शहराच्या सीमेबाहेरून येते आणि तिने निर्माण केलेला कचरा व सांडपाणी पुन्हा कोठेतरी सोडले जाते. त्यामुळे शहरवासीयाची राहणी ही केवळ त्याची खासगी बाब राहत नाही. धरणाखालची गावे, कचराभूमीलगतच्या वस्त्या आणि नदीच्या खालच्या अंगाचे शेतकरी यांच्या जगण्याशी ती थेट जोडलेली असते.

संज्ञा व व्याप्ती

साधी राहणी आणि शाश्वत राहणी या दोन संकल्पना परस्परांच्या निकट असल्या तरी एकच नाहीत. साध्या राहणीचा भर व्यक्तीच्या गरजा, तिचा वेळ आणि मनःशांती यांवर असतो. शाश्वत राहणीचा भर संसाधने पुढील पिढ्यांसाठी शिल्लक राहतील की नाही, या प्रश्नावर असतो. एखादे कुटुंब अत्यंत काटकसरीने राहत असूनही ओला व सुका कचरा एकत्र टाकत असेल, तर त्याची राहणी साधी असली तरी शाश्वत म्हणता येत नाही. उलट, महागडी पर्यावरणपूरक उपकरणे सतत बदलत राहणारे कुटुंब शाश्वततेची भाषा बोलत असले तरी साधे राहत नाही.

दारिद्र्यामुळे लादला गेलेला अभाव आणि स्वेच्छेने स्वीकारलेला साधेपणा यांतही भेद केला जातो. सार्वजनिक नळावरून दोन हंडे पाणी आणणाऱ्या कुटुंबाचा पाणीवापर अल्प असतो. मात्र ती त्याने केलेली निवड नसते. म्हणून साध्या राहणीचे आवाहन मुख्यतः ज्यांच्यापाशी निवडीचा अवकाश आहे अशा मध्यम व उच्च उत्पन्न गटांना उद्देशून असते.

वैचारिक पार्श्वभूमी

अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा अधिक संचय न करणे, हे तत्त्व जैन परंपरेत आणि योगदर्शनात महत्त्वाचे मानले गेले आहे. महात्मा गांधी यांनी आपल्या एकादश व्रतांत अपरिग्रह, अस्वाद, शरीरश्रम व स्वदेशी यांचा समावेश केला. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईतील गावदेवी भागातील मणिभवन हे गांधींचे मुंबईतील वास्तव्याचे व कार्याचे केंद्र होते. साधेपणाचा हा विचार आश्रमापुरता मर्यादित नव्हता, तर गजबजलेल्या व्यापारी शहरातही तो आचरला जात होता, हे त्यातून दिसते.

गांधींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा हे प्रारंभी मुंबईत लेखापरीक्षक म्हणून व्यवसाय करीत होते. पुढे ते वर्ध्याच्या मगनवाडी येथील अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यात गुंतले. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या ग्रंथात त्यांनी टिकाऊ व अल्पजीवी अर्थव्यवस्था यांतील भेद मांडला. भारतात गांधींच्या सहवासात राहिलेले अमेरिकन लेखक रिचर्ड ग्रेग यांनी १९३६ मध्ये 'स्वेच्छेने स्वीकारलेला साधेपणा' या अर्थाची इंग्रजी संज्ञा रूढ केली. ई. एफ. शूमाकर यांच्या 'स्मॉल इज ब्यूटिफुल' (१९७३) या ग्रंथानेही या विचाराला चालना दिली. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने शाश्वत विकासाची संकल्पना जगभर पोहोचवली.

मराठीत दिलीप कुलकर्णी यांनी 'निसर्गायण', 'दैनंदिन पर्यावरण' आदी पुस्तकांतून आणि 'गतिमान संतुलन' या नियतकालिकातून पर्यावरणस्नेही राहणीचा विचार सातत्याने मांडला आहे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आणि 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' हे वचन मराठी समाजात पूर्वापार प्रचलित आहे.

परंपरागत नागरी व्यवहार

शाश्वततेची परिभाषा रूढ होण्यापूर्वीच मुंबई-पुण्यात पुनर्वापराच्या अनेक प्रथा प्रस्थापित होत्या. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण, रद्दी व भंगार विकत घेणारे फेरीवाले, पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारे कारागीर, छत्र्या व स्टोव्ह दुरुस्त करणारे, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया यांच्यामुळे वस्तूचे आयुष्य वाढत असे. यांपैकी काही व्यवसाय क्षीण झाले असले तरी रद्दी व भंगाराचा व्यवहार आजही मोठा आहे. मुंबईतील धारावी येथे प्लास्टिक, पत्र्याचे डबे, पुठ्ठा आदींची वर्गवारी व पुनर्प्रक्रिया करणारे असंख्य लघुउद्योग आहेत.

मुंबईचे डबेवाले हेही या संदर्भात उल्लेखनीय उदाहरण आहे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या सेवेत कोविड-१९ साथीपूर्वी सुमारे ५,००० डबेवाले दररोज सुमारे २ लाख डबे पोहोचवीत असत. घरी शिजवलेले अन्न, पुन्हा पुन्हा वापरला जाणारा डबा, लोकल गाडी, सायकल आणि हातगाडी यांवर ही व्यवस्था उभी आहे. तिच्यात टाकाऊ वेष्टन जवळजवळ निर्माणच होत नाही.

निवास

कमी जागेत राहण्याचा दीर्घ अनुभव मुंबईतील चाळींत सापडतो. १९२० च्या दशकात बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ इमारती बांधल्या. बीडीडी चाळी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इमारतींतील प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. सामायिक व्हरांडा, सामायिक नळ आणि सणसमारंभांसाठी सामायिक पटांगण यांमुळे अनेक गरजा स्वतंत्र मालकीविना भागत. तथापि या व्यवस्थेचे उदात्तीकरण करता येत नाही. सामायिक शौचालये, एकांताचा अभाव आणि जीर्ण बांधकाम यांचा त्रास रहिवाशांनी पिढ्यान्पिढ्या सोसला. या चाळींच्या पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फुटांची घरे देण्याची योजना आहे.

घर व कामाचे ठिकाण यांतील अंतर हा शाश्वत राहणीचा निर्णायक घटक आहे. गिरणगावातील कामगार पूर्वी गिरणीपर्यंत पायी जात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या, त्यांच्या जमिनींवर कार्यालये व उंच इमारती उभ्या राहिल्या आणि अनेक कामगार कुटुंबे दूरच्या उपनगरांत स्थलांतरित झाली. कामाजवळ परवडणारे घर उपलब्ध नसल्यास व्यक्तीने कितीही काटकसर केली तरी तिचा वेळ व ऊर्जा प्रवासात खर्च होते.

प्रवास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला दरम्यान विजेवरील गाडी सुरू झाली. कोविड-१९ साथीपूर्वी मुंबईच्या उपनगरी रेल्वेने दररोज सुमारे ७५ लाख प्रवासी प्रवास करीत होते. १५ जुलै १९२६ पासून शहरात सार्वजनिक बससेवाही उपलब्ध आहे; तीच पुढे 'बेस्ट' या नावाने ओळखली जाऊ लागली. स्वतःचे वाहन न बाळगता लाखो लोक येथे नोकरी-व्यवसाय करू शकतात, ही मुंबईची पर्यावरणाच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे. मात्र लोकलमधील जीवघेणी गर्दी आणि रुळांवरील अपघात ही तिची दुसरी बाजू होय.

पुणे दीर्घकाळ 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखले जात होते. शहराचा विस्तार, अपुरी बससेवा व दुचाकी वाहनांची वाढ यांमुळे ही ओळख मागे पडली. २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही संस्था स्थापन झाली आणि मार्च २०२२ मध्ये पुणे मेट्रो सुरू झाली. रस्त्याचा मोठा भाग वाहनांनी व्यापल्यास सायकलस्वार व पादचारी यांचा धोका वाढतो. म्हणून पदपथ सलग व मोकळे असणे ही साध्या राहणीची प्राथमिक भौतिक अट मानली जाते.

पाणी

मुंबईला तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून पाणी मिळते. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे शहराच्या हद्दीतील लहान तलाव असून उर्वरित मोठे जलाशय ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांत आहेत. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा येतो, तेथील अनेक गावे व पाडे यांना उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागते. पुण्याचा पाणीपुरवठा खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणसाखळीवर अवलंबून आहे. याच साखळीतील पाण्यावर दौंड, इंदापूर आदी तालुक्यांतील शेतीचाही हक्क आहे. शहरातील सांडपाणी मुळा-मुठेतून पुढे उजनीकडे वाहत जाते.

केंद्र शासनाच्या निकषांनुसार मोठ्या शहरात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी अपेक्षित धरले जाते. प्रत्यक्षात काही वस्त्यांना याच्या निम्मेही मिळत नाही, तर काही संकुलांत वापर कितीतरी अधिक असतो. घरगुती पातळीवर पुढील उपाय प्रचलित आहेत:

- सतत वाहत्या नळाऐवजी बादली व तांब्या वापरणे.
- गळके नळ व शौचालयाच्या टाक्या तत्काळ दुरुस्त करणे.
- आर. ओ. प्रकारच्या जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी फरशी पुसण्यासाठी वा भांडी विसळण्यासाठी वापरणे. अशा यंत्रात वाया जाणारे पाणी बहुधा शुद्ध पाण्यापेक्षा अधिक असते.
- भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी कुंड्यांना घालणे.
- गच्चीवरील पावसाचे पाणी गाळून टाकीत साठवणे किंवा विंधन विहिरीत मुरवणे.

कचरा

घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग सामान्यतः ओल्या, म्हणजे कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. तो सुक्या कचऱ्यात मिसळला की कागद व प्लास्टिक मलिन होऊन त्यांची पुनर्प्रक्रिया अवघड होते, आणि ओला कचराही खतासाठी निरुपयोगी ठरतो. मिश्र कचरा कचराभूमीत हवेविना कुजतो, तेव्हा मिथेन हा ज्वलनशील व उष्णताधारक वायू तयार होतो. १९२७ पासून वापरात असलेल्या मुंबईतील देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग लागली आणि आसपासच्या वस्त्यांसह शहराचा मोठा भाग धुराने वेढला गेला. पुण्याचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी येथे टाकला जात होता. त्याविरुद्ध तेथील ग्रामस्थांनी वारंवार आंदोलने केली.

कचरावेचकांचे संघटन हे पुण्याचे महत्त्वाचे योगदान आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना स्थापन झाली. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांचा तीत पुढाकार होता. या संघटनेतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. संस्थेचे सभासद, ज्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, दारोदार जाऊन कचरा गोळा करतात. नागरिक त्यांना मासिक शुल्क देतात आणि विक्रीयोग्य सुक्या मालाचे उत्पन्न वेचकांकडे राहते. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकास कार्यक्रमाद्वारे कचरावेचक स्त्रियांना खतनिर्मितीचे व वर्गीकरणाचे प्रशिक्षण दिले.

वर्गीकरणाला श्रमप्रतिष्ठेचीही बाजू आहे. फुटलेली काच, सुया व वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे टाकल्यास इजा व संसर्ग वेचकांना होतो. त्यामुळे असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम पुण्यात राबवण्यात आली.

घरच्या घरी खत तयार करण्यासाठी छिद्रे असलेली बादली, माठ किंवा क्रेट वापरतात. तळाशी वाळलेली पाने वा नारळाचा भुसा पसरून त्यावर बारीक केलेला ओला कचरा व थोडे तयार खत किंवा आंबट ताक घालतात. प्रत्येक थरावर कोरडा पाला टाकल्याने हवा खेळती राहते. दुर्गंधी येणे हे बहुधा ओल अधिक व हवा कमी झाल्याचे लक्षण असते आणि कोरडा पाला वाढवून ढवळल्यास ती कमी होते. साधारणतः दीड ते तीन महिन्यांत खत तयार होते. पुण्यातील आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्या अन्नावर चालणारे छोटे घरगुती बायोगॅस संयंत्र विकसित केले. त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला.

अन्न

हंगामी व स्थानिक अन्नामुळे वाहतूक व शीतगृहे यांवरील ऊर्जा वाचते. ज्वारी, बाजरी व नाचणी ही कमी पाण्यावर येणारी धान्ये महाराष्ट्राच्या आहारात पूर्वीपासून आहेत. पावसाळ्यात मुंबईच्या बाजारांत व रेल्वे स्थानकांबाहेर आदिवासी स्त्रिया शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या विकण्यास आणतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. प्रजननकाळात माशांना संरक्षण मिळावे हा तिचा हेतू असून या काळात सुकी मासळी खाण्याची कोकणी रीत तिच्याशी सुसंगत आहे.

शहरी शेतीत कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराचे विचार अनेकांना मार्गदर्शक ठरले आहेत. पालापाचोळ्यापासून सकस माती बनवून अल्प जागेत भाजीपाला पिकवण्यावर त्यांचा भर होता. गच्चीवरील बागेतून कुटुंबाची धान्याची गरज भागत नाही. पालेभाज्या, मिरची, कढीपत्ता, गवती चहा यांपुरती तिची उपयुक्तता मर्यादित असली तरी घरातील ओल्या कचऱ्याचे खत घरातच वापरले जाते, हा तिचा खरा लाभ होय.

ऊर्जा

६० वॉटच्या जुन्या दिव्याऐवजी ९ वॉटचा एलईडी दिवा दररोज ५ तास वापरल्यास वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते. ७५ वॉटच्या सर्वसाधारण पंख्याऐवजी सुमारे ३० वॉटचा बीएलडीसी पंखा वापरल्यास निम्म्याहून अधिक बचत होते. वातानुकूलन यंत्राची गरज कमी करण्यासाठी समोरासमोर खिडक्या, पडदे, गच्चीवर पांढरा लेप आणि इमारतीभोवती झाडे हे उपाय केले जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतून घराच्या छतावरील सौर विद्युत संचास अनुदान मिळते. उंच इमारतींत गच्चीचे क्षेत्रफळ सदनिकांच्या तुलनेत अल्प असल्याने अशी वीज बहुधा उद्वाहन, पाण्याचा पंप व जिन्यातील दिवे यांसाठी वापरली जाते.

कायदे व धोरणे

- घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका व घरगुती घातक अशा त्रिविध वर्गीकरणाची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली.
- २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबईत महापूर आला. नाले तुंबण्यास कारणीभूत ठरणाऱ्या प्लास्टिक पिशव्यांचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला.
- मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक पिशव्या व अन्य काही वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली.
- पुणे महानगरपालिका सौरऊर्जा, गांडूळखत व पर्जन्यजलसंचय यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते.
- ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणपूरक जीवनशैलीसाठी 'मिशन लाइफ' हा उपक्रम सुरू केला.
- मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे.

मर्यादा व टीका

वैयक्तिक राहणीवर भर दिल्याने शासन, उद्योग व बांधकाम क्षेत्र यांची जबाबदारी झाकली जाते, असा आक्षेप घेतला जातो. बससेवा तोकडी असेल तर प्रवाशाने वाहन सोडावे ही अपेक्षा निष्फळ ठरते. वर्गीकृत कचरा पुढे एकाच गाडीत मिसळला जात असेल, तर नागरिकांचा उत्साह ओसरतो.

दुसरा आक्षेप घरातील श्रमविभागणीविषयी आहे. कचरा वेगळा करणे, खत ढवळणे, ताजे अन्न शिजवणे, कापडी पिशव्या धुणे ही कामे प्रत्यक्षात बहुधा घरातील स्त्रीवर किंवा घरकामगार स्त्रीवर पडतात. कुटुंबाचा साधेपणा तिच्या वाढीव श्रमांवर उभा राहत असेल, तर तो न्याय्य म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा परतफेड परिणामाचा आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनले जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवले होते की कोळशाचा कार्यक्षम वापर होऊ लागला की त्याचा एकूण खप कमी होण्याऐवजी वाढू शकतो. विजेच्या बिलातील बचत विमानप्रवासावर किंवा नव्या उपकरणांवर खर्च झाली, तर पर्यावरणाला लाभ होत नाही. याच कारणाने केवळ कार्यक्षमतेवर न थांबता 'पुरेसे किती' हा प्रश्नही साध्या राहणीचे पुरस्कर्ते महत्त्वाचा मानतात.

या आक्षेपांना उत्तर म्हणून अलीकडे सामूहिक कृतीवर भर दिला जातो. गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील सामायिक खतखड्डा, सामायिक सौर संच, वस्तूंची देवाणघेवाण, दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना आवारात जागा, कचरावेचकांना योग्य मोबदला आणि प्रभाग समितीकडे पदपथ व बससेवेची मागणी हे तिचे प्रमुख मार्ग आहेत. एका घराने केलेली बचत अल्प असते. तीच संस्थेच्या नियमांत व महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात उतरली, तर तिचा लाभ धरणाखालच्या गावापर्यंत पोहोचू शकतो.

हेही पाहा

- शाश्वत विकास
- घनकचरा व्यवस्थापन
- मुंबईचे डबेवाले
- चाळ
- पर्जन्यजलसंचय
- जे. सी. कुमारप्पा